तिच्या अक्षरातला हिशेब

या आठवड्याचं पत्र एका भावाचं आहे. गावाचं नाव काढून टाकलंय, मजकूर थोडा आवरलाय, बाकी शब्द त्यांचेच.

«ताई, नमस्कार. वय ४१. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. हातात महिन्याला २४,५०० पडतात. आई आणि मी दोघंच घरात. बायको जून २०२१ मध्ये माहेरी गेली, २०२३ मध्ये संमतीनं घटस्फोट झाला. एकरकमी पाच लाख द्यायचे ठरले. दोन लाख वडिलांच्या ठेवीतून दिले, तीन लाख क्रेडिट सोसायटीतून काढले. नऊ वर्षांची मुलगी तिच्या आईजवळ वडगावला असते, तिचे महिन्याला ४,००० कोर्टात ठरल्याप्रमाणे देतो. महिन्यातले दोन रविवार ती माझ्याकडे असते.

सोसायटीचे २२ हप्ते नीट भरले, आता चार थकलेत. एका जामीनदाराला नोटीस आली, तीसुद्धा कन्नडमध्ये. तो माझ्याच शॉपमध्ये आहे. आधी आम्ही डबा एकत्र खायचो, आता तो कंप्रेसरच्या मागं जाऊन बसतो. त्याशिवाय क्रेडिट कार्ड आहे, मोबाईलवरून घेतलेलं कर्ज आहे, टॅबचे हप्ते आहेत, भिशी उचललेली आहे, गावातल्या एकाकडून शेकडा पाचनं २०,००० घेतलेत, माझ्या ताईकडून ४०,००० घेतलेत. सगळं मिळून तीनेक लाख असेल. आईचे सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आले की तेही मीच मागून घेतो.

लग्न होतं तेव्हा असं कधी झालं नाही. सगळा हिशेब ती बघायची, कॅलेंडरच्या पानामागं लिहून ठेवायची. ते कॅलेंडर अजून स्वयंपाकघरात आहे, आईनं काढलेलं नाही. सासऱ्यांनी लग्नात घातलेला दीड तोळ्याचा गोफ कपाटात पडून आहे. तो गहाण टाकू का? की एकच मोठं कर्ज काढून सगळी मिटवू? आणि मुलीचे चार हजार तीन-चार महिने थांबवले तर चालेल का? तसंही तिच्यावर माझा खर्च होतच असतो.»

भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो वाचून मी चष्मा काढून खाली ठेवला.

नाही चालणार. एक महिनाही नाही. कोर्टानं ठरवून दिलेली रक्कम आपल्या मनानं थांबवता येत नाही. थकली की वसुलीचा अर्ज होतो, वॉरंट निघू शकतं, आणि पोटगीच्या कायद्यात थकबाकीसाठी कैदेची तरतूद आहे. पगार खरोखरच कमी झाला, काम सुटलं, तर वकिलामार्फत त्याच कोर्टात रक्कम बदलून मागता येते. हा झाला कायदा. कायद्याच्या आधीची गोष्ट अशी की ते चार हजार म्हणजे मुलीची फी, दूध, रिक्षा. त्यावर दुसऱ्या कुणाची तरी महिन्याची आखणी उभी आहे. तुम्ही तिला टॅब दिलात म्हणून तिच्या आईचा किराणा भरत नाही. शिवाय हे पैसे रोख देत असाल तर आजपासून बँकेतून पाठवा, नोंद राहील.

आता तुमच्या «तीनेक लाख असेल» कडे येते. मी इथल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात २८ वर्षं काढली. टेबलासमोर बसलेला माणूस स्वतःचं देणं सांगताना नेहमी कमीच सांगतो, आणि खोटं बोलतो म्हणून नव्हे, त्यानं बेरीजच केलेली नसते म्हणून. तुम्ही पत्राला जोडलेल्या चिठ्ठीतले आकडे मी मांडले. सोसायटी, थकबाकी आणि त्यावरचं व्याज धरून, २,२५,०००. कार्ड ६८,०००. मोबाईलवरचं कर्ज ३१,०००. टॅबचे सात हप्ते, १५,०५०. भिशीचे नऊ महिने, १८,०००. गावातला सावकार २०,०००. ताई ४०,०००. बेरीज ४,१७,०५० होते. तुमच्या अंदाजात लाखाच्या वर रक्कम बसलेलीच नव्हती.

मग महिन्याचं बघितलं. सोसायटी ६,९८०, कार्डाचा किमान भरणा ३,४००, मोबाईलवरचं कर्ज ४,१००, टॅब २,१५०, भिशी २,०००, सावकाराचं नुसतं व्याज १,०००. झाले १९,६३०. मुलीचे चार हजार. पगारातून ८७० रुपये उरतात.

आठशे सत्तर रुपयांत आई, तुम्ही, गॅस, पेट्रोल आणि दोन रविवार. लाईटचं बिल सरकारच्या गृहज्योती योजनेमुळं शून्य येतं म्हणून बरं. तेव्हा सोसायटीचा हप्ता चुकला यात नवल नाही, नवल आहे ते २२ हप्ते भरलेत याचं. ते कसे भरलेत तेही चिठ्ठीत दिसतं: कार्डावर किराणा घेतला, कार्डाचं भरायला मोबाईलवर कर्ज घेतलं, त्याचा हप्ता आला तेव्हा भिशी उचलली, भिशीचे पैसे संपले तेव्हा शेकडा पाचवाल्याकडं गेलात. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा महाग पैसा.

कार्डाचं एकदा जवळून बघा, कारण तुम्ही लिहिलंय की «कार्ड तेवढं नियमित आहे». तुमच्या स्टेटमेंटवर महिन्याचा दर ३.५ टक्के आहे. ६८,००० वर व्याज झालं २,३८०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४२८. एकूण २,८०८. तुम्ही भरता ३,४००. मुद्दलातून गेले ५९२ रुपये. आणि त्याच महिन्यात पेट्रोल कार्डावर टाकलंत हजाराचं. म्हणजे नियमित भरूनही देणं चारशे रुपयांनी वाढलं. कार्डवाल्यांना तुमच्यासारखं गिऱ्हाईक फार आवडतं. बुडवत नाही आणि फेडतही नाही.

सावकाराचं गणित त्याहून सोपं आहे. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. वीस महिन्यांत वीस हजार नुसतं व्याज जाणार आणि वीस हजार तसेच उभे. त्याच्याकडं तुम्ही सही केलेला कोरा चेक आणि गाडीचं आरसी बुक ठेवलंय, हे तुम्ही चिठ्ठीच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंत. माझ्या मते ते ठळक अक्षरात लिहायला हवं होतं. कोऱ्या चेकवर उद्या दोन लाखांचा आकडा पडला आणि तो परत आला, तर चेक बाऊन्सच्या केसमध्ये तारखा तुम्हाला पडतील. पैसे देताना दोन माणसं बरोबर न्या, चेक हातात घ्या, क्रमांक बघा, «पूर्ण रक्कम पोहोचली» असं लिहून सही घ्या, मगच नोटा मोजा.

आपल्याकडं कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये सूक्ष्म आणि छोट्या कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम निघाला, नंतर त्याचा कायदा झाला. नोंदणी नसलेल्या सावकारानं धमकावणं, दारात येऊन बसणं, कागदपत्रं अडकवणं यासाठी त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे सांगते ते तुम्ही मुद्दल बुडवावं म्हणून नव्हे. त्याचा माणूस तुमच्या माघारी आईसमोर येऊन मोठ्यानं बोलला, तर आईनं दार लावून घ्यायचं आणि तुम्ही ठाण्यात जायचं, एवढ्यासाठी. त्या मोबाईलवरच्या कर्जाचंही तसंच. फोनमधल्या नंबरांवर नातेवाइकांना मेसेज जायला लागले तर घाबरून आणखी एक ॲप उघडू नका. कर्जाच्या ॲपनं तुमची नंबरांची यादी उघडायचीच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. तक्रारीला १४४४८ हा त्यांचा नंबर. धमक्या आणि फोटोंचे प्रकार असतील तर सायबर पोलिसांचा १९३०.

आता तुमच्या मित्राकडं येते. खरं तर हे सगळं त्याच्यासाठीच लिहितेय असं समजा.

जामीनदार म्हणजे ओळखीला उभा राहिलेला माणूस, असं आपण धरून चालतो. चहा पाजला, सही घेतली, विषय संपला. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे, तितकीच आणि त्याच वेळी. सोसायटीनं आधी तुमच्या मागं लागावं, तुम्ही अगदीच हात वर केलेत तर मग त्याला विचारावं, असा क्रम कुठं लिहिलेला नाही. ज्याचा पगार पक्का, त्याच्याकडं वसुली आधी जाते. मी स्वतः अशा नोटिसा टाईप करून घेतल्यात, भाऊ. पगारातून कपातीचं पत्र कंपनीत गेलं की ऑफिसातल्या शिपायापासून मालकापर्यंत प्रत्येकाला कळतं की अमक्याचं काहीतरी थकलंय. थकवलंय दुसऱ्यानंच, पण ते कुणी विचारत नाही.

आणि मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसले आहे. एका चुलत नात्यातल्या माणसाला जामीन राहिले होते. त्यानं हात वर केले आणि तीन वर्षं माझ्या पगारातून महिन्याला १,८०० कापले गेले. पैशाचं दुःख एक वेळ विसरले. पण तो लग्नकार्यात भेटायचा तेव्हा हवापाण्याच्या गप्पा मारायचा, हे अजून जात नाही. एकदा जरी म्हणाला असता, «आक्का, मला माहिती आहे,» तरी मी निम्मं सोडून दिलं असतं.

नोटीस कन्नडमध्ये होती म्हणून त्याला आधी कळलंच नाही, कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागली, असं तुम्ही लिहिलंय. सीमाभागातली ही आपली जुनी अडचण. त्यावर मी चार पानं लिहू शकते. पण एक विचारते: जामिनाचा कागद मराठीत असता तर तुम्ही दोघांनी तो वाचला असता का? २८ वर्षांत माझ्यासमोर करार पूर्ण वाचून सही केलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातले दोघे शाळामास्तर. तुम्हाला समजणाऱ्या भाषेत कर्जाच्या अटी समजावून मागायचा हक्क आहे, तो पुढच्या वेळी वापरा. तूर्त ती नोटीस कन्नड जाणणाऱ्या भरवशाच्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या आणि उत्तराची मुदत कधी संपते ते पाहा. बाकीचं नंतर.

म्हणून माझा क्रम पुस्तकातल्या क्रमापेक्षा वेगळा आहे. पुस्तकं सांगतात, सगळ्यात महाग कर्ज आधी फेडा. मी म्हणते, ज्या कर्जात दुसऱ्याची मान अडकलीय ते आधी. सोसायटीची थकबाकी २७,९२०, ती सगळ्यात पहिली. मग सावकार. मग कार्ड. हे पैसे कुठून येणार ते कपाटातल्या डबीत आहे.

गोफ गहाण टाकू नका. मोडा.

गहाण टाकलात तर आज पैसे मिळतील आणि उद्यापासून तुमच्या सहा हप्त्यांत सातवा येईल. वर्षानं व्याज भरून नूतनीकरण, पुन्हा वर्षानं तेच, आणि एखाद्या वर्षी लिलावाची नोटीस. माझ्या नोकरीत गहाण ठेवलेलं सोनं वेळेत सोडवून नेणारी माणसं बहुतेक वेळा हंगामाची उसाची किंवा काजूची रक्कम येणारी असायची. पगारदार माणसाला अशी एकदम रक्कम कुठून येणार? सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेलाय. दीड तोळ्याच्या मोडीतून घट-तूट जाऊन निदान सव्वा लाख धरू. तीन पेढ्यांवर भाव विचारा, शहापुरात एक आणि गावात दोन, वजन तुमच्या डोळ्यांदेखत करा, पैसे खात्यावर घ्या.

पण त्याआधी एक काम. संमतीच्या घटस्फोटात अटींचा कागद होतो. तो काढून बघा, दागिन्यांबद्दल काय लिहिलंय. «ज्याचे त्याच्याकडे, काही येणे-देणे उरले नाही» अशा अर्थाचं वाक्य असलं तर गोफ तुमचा. काहीच लिहिलेलं नसलं तर वकिलाकडून विचारून घ्या, दोन ओळींचा निरोप जाऊ दे. तिचं काही तुमच्या कपाटात राहिलं असेल, एखादी नथ, पैंजण, बाळाचा वाळा, तर ते तिचं स्त्रीधन. ते मोडीत चुकूनही जाता कामा नये.

तुम्ही तो गोफ चार वर्षं घातला नाहीत आणि विकलाही नाहीत. का ते मला समजतं. सासऱ्यांनी गळ्यात घातला तो क्षण त्यात अडकलेला आहे. पण डबीत पडून तो कुणाचाच मान ठेवत नाही, आणि तिकडं तुमच्या दोस्ताची नोटीस निघालीय.

तर सव्वा लाखाचं असं: थकबाकीचे २८,०००, सावकाराचे २०,०००, कार्डाचे ६८,०००. झाले १,१६,०००. उरले ९,०००, ते बचत खात्यात ठेवा आणि त्याचं एटीएम कार्ड आईच्या देवघरात ठेवा. क्रेडिट कार्ड मात्र पैसे भरून, लेखी बंद करून, कापून टाका. नुसतं शून्य करून पाकिटात ठेवलंत तर दिवाळीपर्यंत परत भरेल. थकबाकी भरायला जाल तेव्हा दंडव्याज माफीचा साधा अर्ज बरोबर न्या. संचालक मंडळाच्या बैठकीआधी दिलेल्या अर्जाचा विचार होतो, बैठकीनंतर दिलेला फाईलला लागतो. पूर्ण माफ होईल असं नाही, पण थकबाकी भरून मग हात जोडणाऱ्याला संचालक सहसा रिकाम्या हातानं पाठवत नाहीत.

हे झालं की महिन्याला सोसायटी, मोबाईलवरचं कर्ज, टॅब, भिशी आणि मुलीचे मिळून १९,२३० जातील, हातात राहतील ५,२७०. चैन नाही होत त्यात. ओव्हरटाईम मिळेल तो घ्या. सात महिन्यांनी टॅब संपेल, नवव्याच्या सुमाराला भिशी आणि ते मोबाईलचं कर्जही. मग साडेतेरा हजार उरतील. म्हणजे ओढाताणीचे महिने नऊ. या नऊ महिन्यांत नवी भिशी नाही, कुणाला जामीन नाही, आणि «झिरो टक्के» ची पाटी दिसली की रस्ता ओलांडायचा.

एक मोठं कर्ज काढून सगळी मिटवायचा विचार तूर्त सोडा. चार हप्ते थकलेल्या माणसाला बँक चांगल्या दरानं उभं करणार नाही, आणि जो उभा करेल तो परत जामीनदार मागेल. कुणाकडं जाणार आहात? तुमचा क्रेडिट रिपोर्ट मात्र मागवून बघा. सिबिलसारख्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. एखादं विसरलेलं कर्ज, एखादी चुकीची नोंद त्यात सापडते.

ताईचे चाळीस हजार या यादीत मी मुद्दाम मागं ठेवलेत. तिनं मागितले नाहीत म्हणून नव्हे. बहिणी मागत नाहीत, म्हणूनच ते बुडतात. दिवाळीचा बोनस तोंडावर आलाय. त्यातले दहा हजार भाऊबीजेला तिला द्या. ओवाळणीच्या ताटात टाकू नका. ओवाळणी वेगळी, फेड वेगळी. जेवण झाल्यावर बाजूला बोलवून द्या आणि राहिलेल्या तीस हजारांचं कसं ते सांगा.

आईच्या दोन हजारांबद्दल जरा कडक बोलते. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव आहे म्हणून ते पैसे तिच्या खात्यावर येतात. कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांनी एकदम. ते आले की तुम्ही हात पुढं करता आणि तेलडाळीसाठी ती तुमच्यापुढं हात करते. हे उलटं करा. पगाराच्या दिवशी स्वयंपाकघराचे तीन हजार तिच्या हातात द्या आणि तिचे दोन हजार तिलाच राहू देत. ती कसं भागवते ते बघा. तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं भागवेल.

आता रविवार. तुमच्या चिठ्ठीत मुलीवरच्या खर्चाचा रकाना नाही. पण पत्रात तो सगळीकडं सांडलाय: टॅब, सायकल, «वाढदिवस जरा मोठा केला», «यंदा गणपतीला डेकोरेशन केलं, तिला दाखवायला», «गेमझोनला गेलो की हजार जातातच». मी अंदाजानं धरलं तर दोन रविवारांचे साडेतीन हजार होतात. मुलीनं मागितलं असं एकदाही तुम्ही लिहिलेलं नाही. ते गणपतीचं डेकोरेशन मुलीसाठी होतं की गल्लीसाठी, हे तुमचं तुम्हाला माहिती. घर मोडलेल्या माणसाला आपलं काही बिघडलं नाही हे दाखवायची घाई असते. बायका नव्या साडीवर करतात, पुरुष पार्टीवर करतात, आणि हप्ता दोघांनाही येतो.

नऊ वर्षांच्या पोरीला येळ्ळूरचा राजहंसगड चढायला आवडेल. वर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, वारा आहे, तिकीट नाही. आईकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. एखाद्या रविवारी किल्ल्याच्या तलावाकडं जा. एखाद्या रविवारी कुठंच जाऊ नका, घरी बसून तिचं गणित घ्या. ती सुरुवातीला विचारेल, «पप्पा, आज मॉल नाही?» तेव्हा सरळ सांगा की पप्पा पैसे साठवतायत. मुलांना हे कळतं. त्यांना न कळणारी गोष्ट म्हणजे रविवारी राजा असलेला बाप सोमवारी फोन का उचलत नाही.

राहिलं कॅलेंडर.

तुम्ही लिहिलंय, सगळा हिशेब ती बघायची. ते वाचताना मला वाटलं, लग्न मोडण्याची कारणं तुमची तुम्हाला, मी त्यात पडणार नाही. पण घरातून बायको गेली तशी हिशेब ठेवणारीही गेली, आणि ती जागा कुणी भरलीच नाही. आई लिहीत नाही, तुम्ही बघत नाही. पगार आला की आठवेल ते भरायचं आणि उरलं तर खर्चायचं. बारा वर्षं तुमच्या पगाराला दिशा होती, ती तुमची नव्हती एवढंच.

म्हणून ते जून २०२१ चं पान उलटं करा आणि तिनं काय लिहिलंय ते वाचा, रडायला नव्हे, शिकायला. दूधवाला, भिशी, गॅस, शाळा, एलआयसी. कुठल्या तारखेला काय, कशापुढं बरोबरची खूण, कशापुढं «पुढच्या महिन्यात». मी पैज लावते, त्यात कुठंतरी «ह्यांचं पेट्रोल» असंही असेल आणि त्याला एक ठरलेला आकडा असेल. मग नवं कॅलेंडर आणा आणि तेच रकाने तुमच्या अक्षरात काढा. सात तारखेला पगार होतो ना? आठला सोसायटी, आठलाच मुलगी, नऊला आईचे तीन हजार. उरलेल्यातले रोजचे वीस रुपये पिग्मीवाल्याला द्या. तो तसाही तुमच्या गल्लीत येतोच. पिग्मी ही आपल्या कर्नाटकाचीच चीज आहे. पुढं सिंडिकेट बँक म्हणून नाव झालेल्या उडुपीच्या बँकेनं १९२८ मध्ये ती काढली, ती अशाच लोकांसाठी, ज्यांच्या हातात महिनाअखेरीला काही उरत नाही पण रोज दोन-चार आणे असतात. पावती मात्र रोज बघा, एजंट कितीही ओळखीचा असला तरी.

जुनं कॅलेंडर काढायचं की नाही ते आईला ठरवू द्या.

आणि थकबाकी भरलीत त्या दिवशी पावतीची झेरॉक्स काढा, एक तुम्हाला, एक त्याला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन कंप्रेसरच्या मागं जा. पावती आधी त्याच्या हातात द्या, मग बसा. तो लगेच भाजी पुढं करणार नाही. बसून राहा.